बाळ इकडचं, आई तिकडची

हुकूम तुम्ही काढलात. कुठल्या खुर्चीत बसून काढलात ते आम्हाला ठाऊक नाही, पण काढलात तुम्हीच. तिकडे बंदूकवाल्यांनी निरपराध माणसं मारली आणि तुम्ही इकडे नंदुरबार जिल्ह्यातल्या खापर गावात एका अंगावर पिणाऱ्या पोराची आई उचलायला निघालात. मारणारे व्हिसा काढून आले नव्हते. केसर आली होती. फोटो देऊन, बोटांचे ठसे देऊन, पत्ता लिहून देऊन आली होती. म्हणून ती तुम्हाला सापडली. जो पत्ता देऊन बसलाय त्यालाच धरायचं, ही तुमची बहादुरी.

एवढं बोलून झाल्यावर आमचंही बोलू. आम्ही म्हणजे खापरचे राठी. तुम्हाला शिव्या घालायला आमच्याइतकं नालायक घर दुसरं नसेल, कारण हा हुकूम निघावा म्हणून गावात सगळ्यांत मोठ्यांदा आम्हीच बोंबललो होतो. हल्ला झाला आणि बाजार बंद झाला. आमचे बापूजी, घेवरचंद राठी, व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, भगवा फेटा बांधून ट्रॅक्टरवर चढले. फेटा सैल होता. प्रत्येक घोषणेला तो डोळ्यांवर यायचा आणि दर घोषणेनंतर बापूजी तो वर सारायचे, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला वाटत होतं की हा माणूस डोकं धरून रडतोय. तहसीलदारांना दिलेल्या निवेदनातलं मुख्य वाक्य बापूजींचं: ‘परकीय नागरिक असलेली एकही व्यक्ती या पवित्र भूमीवर राहू देऊ नये.’ थोरल्या मुलाने, रिषभने, त्याचं शुद्धलेखन तपासलं. टाइप करायला बसलेल्या माणसाला चहा धाकट्या मयंकच्या बायकोने, केसरने, नेऊन दिला. साखर कमी घातली म्हणून तो तिच्यावर खूश झाला.

केसरचं माहेर मिठी. थरच्या वाळवंटात, पाकिस्तानात. परकीय नागरिक आपल्याच घरात चहा गाळतेय, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. परकीय म्हणजे दुसऱ्यांच्या घरातले, असा आमचा समज होता.

*

भटू जमादार शुक्रवारी दुपारी दुकानात आला. तो ठाण्यात गोपनीय शाखेचं काम बघतो. गोपनीय म्हणजे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की हा गोपनीय आहे. आला की आधी शेंगदाण्याच्या पोत्यात हात घालायचा. त्या दिवशी घातला नाही, तिथंच बापूजींना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

“शेठ, जरा मांगे चला.”

“इथंच बोल की. गिऱ्हाईक कुठंय?”

“बोलस मंग. तुमनं निवेदन मंजूर व्हयी गयं.”

बापूजींची छाती वर आली. “बघ! ओरडलं की सरकार ऐकतं. किती जणांना काढताय?”

“आपला खापरमाथीन आते एकच बाकी शे.”

“एकच? कोण रे?”

भटूने टोपी काढून पोत्यावर ठेवली. “तुमनी धाकली सून, शेठ.”

बापूजी हसले. मग भटू हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी वजनकाट्याचं पारडं उगीच पुसलं.

“अरे, आपण हिंदू. हिंदूंना सूट आहे. पेपरात आलंय.”

“सूट शे. जेना हातमा लांब मुदतना व्हिसा शे, तेले सूट. तिना हातमा कथा शे? तिना अर्ज वर पडेल शे.”

“वर म्हणजे कुठं?”

“ते मले माहीत ऱ्हातं ते मी जमादार ऱ्हातू का? रविवारलगून जाणं शे. नई गयी ते गुन्हा. तीन वरीसलोंग आत.”

“आणि बाळ?”

भटूने खाली पाहिलं. “बाळनं पुस्तक, पासपोर्ट, हिंदुस्थाननं शे. तो जाऊ शकस नई. गया तरी तिकडला लेतीन नई. बाळ आठे, माय तठे.”

आणि मग तो जाता जाता थबकला, पोत्यात हात घातला, दाणे घेतले, पुन्हा टाकले, आणि निघून गेला.

*

बैठक दुकानामागच्या मिरचीच्या खोलीत बसली. घरातल्या कुठल्याही भांडणासाठी आम्ही हीच खोली वापरतो. लाल मिरचीची पोती छतापर्यंत, आणि आत गेलं की पाच मिनिटांत प्रत्येकाचं नाक-डोळे वाहायला लागतात, त्यामुळे कोण रडतंय आणि कोणाला नुसता ठसका लागलाय ते कळत नाही. आमच्यासारख्या अब्रूदार घराला हे सोयीचं पडतं. नवापूरला दिलेली लेक एकता बस पकडून आली होती. पडद्यापलीकडच्या बाजेवर केसर बाळाला पाजत होती. तिला बैठकीत बसवलं नव्हतं. तिच्याबद्दलच बोलायचं होतं ना.

“चूक कोणाची, ते आधी ठरवू,” रिषभ म्हणाला. घरात काही बिघडलं की दुरुस्तीच्या आधी त्याला आरोपी लागतो. “लग्नानंतर केसरचा लांब मुदतीचा कागद झाला होता. चांगला झाला होता. मग ती पोटुशी राहिली आणि बाईने धोशा लावला, पहिलं बाळंतपण माहेरी. परवानगी न घेता देश सोडला की कागद संपतो. संपला. परत आली ती साध्या व्हिसावर.”

बाई म्हणजे आमची आई, लहरीबाई. तिने पदराने नाक पुसलं. “माझं पहिलं माहेरी झालं. माझ्या सासूचं झालं. एकताचं इथं झालं. बिंदणीला पाठवली नसती तर समाज काय म्हणाला असता? राठींनी सुनेला माहेर तोडलं?”

“बाई,” एकता म्हणाली, “माझं माहेर बसने दोन तास. हिचं माहेर दोन फौजांच्या पलीकडं. थोडा फरक आहे.”

“रीत अंतर बघून पाळतात का?”

“सरकार बघतं ना अंतर.”

“तू गप. तुला सासरी बोलू देत नाहीत म्हणून इथं येऊन बोलतेस.”

“तिथंही बोलते. तिथं निदान शिंका येत नाहीत.”

मयंक दाराजवळ बसला होता. त्याची बायको जाणार होती आणि त्याला आत्तापर्यंत कोणी काही विचारलं नव्हतं, यात त्याला नवल वाटलं नाही. लग्नही त्याला विचारून ठरलं नव्हतं. आम्ही धाटी माहेश्वरी, थरच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले. इकडे आमची घरं मोजकी, त्यात चार गोत्रं टाळायची, मग उरतं काय? जिच्याशी जुळत होतं ती मिठीला निघाली. त्याने व्हॉट्सअॅपवर फोटो पाहिला आणि हो म्हणाला. नंतर मात्र तो केसरच्या प्रेमात पडला आणि हे त्याने घरात कोणाला सांगितलं नाही, कारण आमच्याकडे बायकोवर प्रेम असणं म्हणजे दुकानाकडे लक्ष नसणं.

“बाळाचं पुस्तक कोणी काढलं, तेही सांगा,” तो हळूच म्हणाला.

सगळ्यांनी बापूजींकडे पाहिलं.

बाळ मिठीला जन्मलं आणि बापूजी महिनाभर झोपले नाहीत. राठींचा वारस हिरव्या पासपोर्टावर? त्यांनी खासदाराच्या माणसाला गाठलं, तिकडच्या आपल्या वकिलातीत अर्जावर अर्ज घातले आणि बाळाला हिंदुस्थानी करून आणलं. निळा पासपोर्ट आला त्या दिवशी दुकानात पेढे वाटले. बाळाच्या फोटोतले मिटलेले डोळे समाजाच्या ग्रुपवर फिरले आणि हात जोडलेली चित्रं, फुलांचे गुच्छ, ‘भारत माता की जय’ यांचा पाऊस पडला. केसर आणि बाळ एकाच खाटेवर झोपायचे आणि खाटेच्या मधून हद्द आम्ही स्वतः आखली होती. पेढे वाटून.

“मी वाईट केलं का?” बापूजी म्हणाले. “पोराला देश मिळवून दिला.”

“दिलात,” एकता म्हणाली. “आमच्याकडे नवापूरला कोंबड्यांची साथ आली की परिघातली सगळी कोंबडी खड्ड्यात घालतात. ठणठणीत असली तरी. सासरच्या घरात अंडं चालत नाही, पण कोंबड्यांना मका आमचाच जातो, म्हणून मला सगळं माहीत. तिथंसुद्धा, बापूजी, कोंबडीला एक देश आणि अंड्याला दुसरा, असं कोणी करत नाही.”

रिषभने मांडी बदलली. “उपाय बोला. गुजरातची हद्द हाकेवर आहे. केसरला सागबाऱ्याला माझ्या साडूकडं ठेवू. आपलं ठाणं तिकडं जात नाही.”

“लपवून गुजरातेत काय जातं ते माहीत आहे का तुला?” एकताने विचारलं. “दारू. आणि ती पण पकडली जाते. फरक इतकाच, की पकडणारे तिला परत पाठवत नाहीत.”

मयंकला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

“बरं मग दुसरं,” रिषभ म्हणाला. “अर्ज लिहू. साफ लिहू, की साहेब, आम्ही हिंदू आहोत, छळामुळं इकडं आलेली सून आहे, आम्ही त्यांच्यातले नाही. हा हुकूम त्यांच्यासाठी होता. निवेदनात आमचा रोख त्यांच्यावरच होता.”

“कोनावर व्हता, रिषभभाऊ?”

दारात शौकत उभा होता.

*

शौकतला बापूजींनीच बोलावलं होतं. त्याचा टेम्पो आमचा माल वाहतो, आणि गावात सीमेवरच्या फाटकापर्यंत जाऊन आलेला माणूस तो एकटा. त्याची खाला म्हणजे मावशी, शहाबानो, कराचीहून छातीच्या उपचाराला आली होती. उपचार अर्धे झाले होते. हुकूम आला तसा शौकत तिला घेऊन गेला आणि सोडून आला. तिला निरोप द्यायला आमच्यापैकी कोणी गेलं नव्हतं. आम्ही फेटे सोडत होतो.

“बस, शौकत,” बापूजी म्हणाले.

“उभाच बरा. मिरची लागस.” तो चौकटीला टेकला. “वाट इचारनी व्हती ना? सांगस. वाट सोपी शे. शेवट कठीण शे.”

“शौकतभाई,” एकताने मध्येच विचारलं, “तुम्ही पण सही केली होती ना निवेदनावर?”

“करी ना. दुसरी सही मन्ही. नई करतू, ते मन्हं नावच निवेदनमा ऱ्हातं.”

रिषभ जोरात शिंकला. ती खरी शिंक होती की नव्हती ते मिरचीला माहीत.

“फाटक कसं असतं?” मयंकने विचारलं.

“लाइन ऱ्हास. हातमा पुस्तकं. हिरवं पुस्तक पुढे, निळं पुस्तक मांगे. मन्ही खालाना मांगे एक बाई व्हती, तिना मांडीवर पोरगं, तुमना बाळनाएवढंच. मायनं पुस्तक हिरवं, पोरगानं निळं. ती खाली बसी गई. उठेच ना. दुपार गई. मंग तिना आदमीनी पोरगं लिन्हं आनि ती चालनी.”

“पोरगं रडलं असेल,” लहरीबाई म्हणाली.

“नई. पोरगं झोपेल व्हतं. आदमी रडना. शिपाई बी रडना, पन त्यानी दार उघडं ठेवं नई.”

*

पडद्यापलीकडे केसरने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

तिला सगळं ऐकू येत होतं. घरातल्यांना वाटायचं, हिला भाषा कळत नाही, म्हणून तिच्यासमोर ते मोकळेपणाने बोलायचे. खरं म्हणजे गल्ल्यावर बसून ती गिऱ्हाइकांकडून बोलायला शिकली होती आणि घरात अहिराणी नीट बोलणारी ती एकटीच होती. आम्ही शाळेची मराठी बोलतो, मारवाडी विसरत चाललोय आणि अहिराणीला गावठी म्हणतो. गावातल्या बायका मीठ-मिरची घ्यायला आल्या की पाकिस्तानी सुनेशीच गप्पा मारायच्या.

मिठीत तिला सगळे म्हणाले होते, नशीब काढलंस. इकडे सगळे म्हणायचे, सुटलीस. कोणापासून सुटली आणि कुठे, हे तिला अजून समजलं नव्हतं. आत्ता तिला एवढंच समजलं की या खोलीतली माणसं तिला वाचवायला बसली आहेत आणि तासाभरात ती फाटकापर्यंत जायची वाट विचारायला लागली आहेत.

तिने बाळाचं तोंड पुसलं, पडदा बाजूला केला आणि पोत्यावर येऊन बसली. सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर होता, पण पुरता नव्हता.

“शौकतभाई, मले एक सांगा. नई गयी ते काय करतीन?”

शौकतने बापूजींकडे पाहिलं. बापूजींनीच उत्तर दिलं. “भटू म्हणाला, गुन्हा. तीन वर्षांपर्यंत तुरुंग.”

“तुरुंग कथा शे?”

“नंदुरबारला... नाहीतर धुळ्याला.”

“मंजे हिंदुस्थानमाच ना?”

यावर लहरीबाई बोलली, आणि बोलताना तिला स्वतःलाच कळत नव्हतं की ती काय बोलतेय.

“मूल आईजवळ ठेवतात तिथं.”

“कुठं, बाई?”

“तुरुंगात. आमचं महिला मंडळ राखीला जातं ना कैद्यांना राख्या बांधायला. बायकांच्या बराकीत एवढंसं पोर होतं, भिंतीला धरून चालत होतं. मी बुंदीचा लाडू दिला. जेलरबाई म्हणाली, सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू देतात. मी मंडळात म्हटलंसुद्धा, काय हे, बाळाला तुरुंग...”

केसरने पदर नीट केला. “मंग मले तठे लई चला.”

“वेडी झालीस?” बापूजी उठले. “राठींची सून तुरुंगात? गावात तोंड दाखवायला जागा राहील का? अध्यक्ष आहे मी!”

“राठींचा अध्यक्ष छावणीत वाढला,” लहरीबाई म्हणाली, “तेव्हा कुठं दाखवत होता तोंड?”

आमच्या घरात आजार लपवावा तसा हा शब्द लपवला जातो. एकाहत्तरच्या लढाईनंतर आठ वर्षांचे बापूजी आई-बापांबरोबर तिकडच्या थरमधून वाळू तुडवून इकडे आले, छावणीत राहिले, आणि कैक वर्षं त्यांच्या हातात कुठल्याच देशाचा कागद नव्हता. खापरमध्ये हे कोणाला माहीत नव्हतं.

शौकत चौकटीपासून सरळ झाला. “छावणी? शेठ, तुम्ही ते बाडमेरना ना?”

“बाडमेरला नंतर आलो,” बापूजी म्हणाले आणि खाली बसले. मग बराच वेळ मिरचीच्या पोत्याची शिवण चाचपत राहिले. “आम्हाला तेव्हा कोणी परत पाठवलं नाही,” ते म्हणाले. “पाठवू शकले असते.”

“मग काय लिहायचं अर्जात?” रिषभने विचारलं. त्याने फोन काढला होता. “छळ लिहू? हिंदू लिहू?”

“नको,” केसर म्हणाली. “मन्हा छळ कोनी करा नई. खोटं नका लिखा. आई शे, एवढं लिखा.”

“आणि ‘आम्ही त्यांच्यातले नाही’?”

उत्तर मयंकने दिलं. घरात मोठ्या आवाजात बोलायची त्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे आवाज फाटला. “त्यात शहाबानो खालाचं नाव टाक. अर्धे उपचार करून हाकललं म्हणून.”

“तिनं नाव लिखीसन काय व्हनार?” शौकत म्हणाला. “ती गई.” मग म्हणाला, “लिखा पन.”

*

शनिवारी सकाळी राठी घराणं अक्कलकुव्याच्या ठाण्यात सुनेला अटक करून घ्यायला गेलं. टेम्पो शौकतचा. पुढे बापूजी, मागे पोत्यांवर बाकीचे. एकताने केसरच्या पिशवीत गोधडी, दुपटी आणि थर्मास भरला होता, लहरीबाईने बुंदीचे लाडू. तुरुंगात सगळ्यांना पुरतील इतके. आमच्या घरातून बाई कुठेही निघाली की डबा निघतो.

ठाण्याच्या साहेबांनी व्यापारी मंडळाच्या छापील कागदावरचा अर्ज वाचला. ‘विषय: आमच्या सुनेला अटक करणेबाबत.’ त्यांनी चष्मा काढून पुन्हा वाचला.

“शेठ, ही काय थट्टा आहे?”

“नाही साहेब. ती जाणार नाही. तो गुन्हा आहे. आम्ही सगळे साक्षीदार.”

“अहो, गुन्हा अजून झालेला नाही. मुदत उद्यापर्यंत आहे.”

“मग बसतो उद्यापर्यंत.”

“उद्या संपली मुदत, तरी मी तुरुंगात टाकेनच असं नाही. वरून गाडी येऊ शकते. फाटकापर्यंत नेतील, सोडतील.”

“म्हणजे तुरुंग की फाटक?”

“ते वर ठरतं.”

“वर कोण?”

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. भटू दाराशी उभा होता, त्यानेही पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

“शेठ, घरी जा,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “मलाही लेकरं आहेत. माझ्या हातात काही नाही.”

“बाहेर बाकावर बसलेलं चालेल?”

“बसा.”

केसर बाकावर बसली आणि पदराआड बाळाला घेतलं. बापूजी तिच्याशेजारी बसले. सून आणि सासरा एका बाकावर, आमच्याकडे हेही रीतीत बसत नाही. त्यांनी रिषभकडून पेन मागून घेतलं आणि टाइप केलेल्या अर्जाखाली, शुद्धलेखन न तपासता, स्वतःच्या हाताने लिहिलं:

‘मागचं निवेदन मीच लिहिलं होतं. ते तुम्ही लगेच ऐकलंत. आता हे ऐका. हिला तुरुंगात ठेवलंत तर बाळ हिच्याजवळ राहील. हिला हद्दीपार टाकलंत तर बाळ इथं राहील, आणि ते तुमच्या देशाचं आहे, मीच पेढे वाटून केलंय. मग सोमवारी सकाळी ते भुकेने उठेल तेव्हा त्याला पाजायला तुमच्यातून कोण येणार? आमच्या घरात कोणाला दूध नाही. कोण येणार, त्याचं नाव कळवा. तोंडी नको, लेखी कळवा. आम्ही बाकावर बसलो आहोत.’